कोगनोळीचा नाका आणि साथीचे हुकूम: सेवा ठीक, पण मुदत छापा

1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेपुढेही 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणे एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सक्तीचे केले. बेळगावच्या कुंद्यालाही मुदत आली. त्याच वर्षी कर्नाटकाने साथरोगांसाठी स्वतःचा नवा कायदा केला. त्यात राज्याची हद्द बंद करण्याचा अधिकार आहे, आणि किती काळ, याचे उत्तर 'आवश्यक वाटेल तितका काळ' असे आहे. कुंदा बिघडला तर वास येतो. हुकूम शिळा झाला तरी नाकाला कळत नाही, म्हणून तारखेची गरज खरे तर त्यालाच जास्त.

परीक्षण कशाचे ते आधी सांगतो. महामार्ग 48 वरचा निपाणी तालुक्यातला कोगनोळी नाका, बेळगाव-चंदगड रस्त्यावरचे बाची-शिनोळी, मिरजेच्या वाटेवरचे कागवाड, चोर्ल्याकडून गोव्याला उतरताना लागणारे कणकुंबी. 2020 ते 2022 या काळात अशा ठिकाणी आरोग्य, महसूल आणि पोलीस खाती मिळून जी तपासणी चालवत होती, ती एक सेवा धरली. तिच्यामागचे कायदे म्हणजे त्या सेवेचे इंजिन. इथे दोन्ही उघडून पाहिली आहेत. नाक्यावर ड्युटी केलेल्यांबद्दल तक्रार नाही; मे महिन्यात डांबरी रस्त्याच्या कडेला पीपीई किट घालून उभ्या राहणाऱ्या माणसाला गुण देणारे आपण कोण? प्रश्न त्याच्या हातात दिलेल्या कागदाचा आहे.

पहिला टप्पा, 2020 चा उन्हाळा. पद्धत अशी होती: कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर प्रत्येक प्रवाशाची नोंद, मोबाइलवर पास, नाक्यावर ताप मोजणे, हातावर शिक्का. महाराष्ट्रातून येणाऱ्याला 7 दिवस संस्थात्मक विलगीकरण, म्हणजे शाळा, वसतिगृह नाहीतर स्वखर्चाने लॉज, आणि पुढचे 7 दिवस घरी. घरातल्या विलगीकरणावर नजर ठेवायला क्वारंटाइन वॉच नावाचे ॲप होते. सकाळी 7 ते रात्री 10 दर तासाला सेल्फी पाठवायची. जाच होताच. तरी या टप्प्याला आम्ही 5 पैकी 3 तारे देऊ, कारण तेव्हा हद्दीच्या दोन बाजूंना परिस्थिती खरोखर वेगळी होती. मुंबई-पुण्यात साथ भडकलेली आणि कर्नाटकाच्या बाजूच्या कितीतरी गावांत एकही रुग्ण नाही. अशा वेळी नाका उपयोगी पडतो. तो रोग थांबवत नाही, पण येण्याचा वेग कमी करतो आणि आलेल्याचा पत्ता व मोबाइल नंबर हाताशी ठेवतो.

मात्र तारे कापले ते शेवटाला. केंद्राने 29 जुलै 2020 च्या आदेशात स्पष्ट लिहिले होते की राज्याराज्यांतल्या ये-जा करण्यावर बंदी नको, पास किंवा ई-परमिटही नको. 22 ऑगस्टला केंद्रीय गृहसचिवांना पुन्हा पत्र लिहावे लागले. कर्नाटकाने सेवा सिंधूची नोंद, नाक्यावरची तपासणी आणि शिक्का हे सगळे 24 ऑगस्टला बंद केले. पहिल्या आदेशापासून मोजले तर 26 दिवस. हुकूम सुरू होताना संध्याकाळी निघतो आणि रात्री 12 ला लागू होतो. संपताना मात्र त्याला स्मरणपत्र लागते. साथीच्या हुकुमांचा हा जुना रोग आहे.

दुसरा टप्पा फेब्रुवारी 2021 ला सुरू झाला. महाराष्ट्रातून येणाऱ्याकडे 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट हवा. जुलैत लस घेतलेल्यांना थोडी सवलत मिळाली, जुलै संपता संपता ती गेली आणि लस असो वा नसो, रिपोर्ट सक्तीचा झाला. हे सगळे सुटले ते फेब्रुवारी 2022 मध्ये. मधली सवलत वजा केली तरी वर्षभराचा हिशेब होतो. या टप्प्याला दीड तारा. का, ते जरा बारकाईने पाहू.

आरटीपीसीआरच्या रिपोर्टवर तीन वेळा छापलेल्या असतात: स्वॅब कधी घेतला, लॅबमध्ये कधी पोहोचला, रिपोर्ट कधी निघाला. 72 तास यातल्या कुठल्या वेळेपासून? वैद्यकीय अर्थाने स्वॅबच्या वेळेपासूनच मोजायला हवे, कारण रिपोर्ट त्या क्षणापुरता बोलतो. सोमवारी सकाळी 10 ला स्वॅब दिला आणि मंगळवारी संध्याकाळी 6 ला रिपोर्ट हातात आला, तर 32 तास लॅबमध्येच गेले. उरले 40. गुरुवारी सकाळी 10 ला कागद मेला. रिपोर्टच्या वेळेपासून मोजले तर तोच कागद शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जिवंत. एकाच कागदाचे दोन आयुष्यकाळ, आणि निवड नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मर्जीवर. आदेशात 'स्वॅब घेतल्याच्या वेळेपासून' एवढे शब्द असले तर अर्धी वादावादी वाचते.

आता रोज हद्द ओलांडणाऱ्याचा हिशेब करा. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा बेळगावकडचा कामगार, पलीकडे शेत असलेला अलीकडचा शेतकरी, भाजी घेऊन येणारी बाई. दर तीन दिवसांनी एक चाचणी म्हटली तर महिन्याला 10 स्वॅब. हे कोणी करत नाही, करूच शकत नाही. मग दोनच गोष्टी होतात. एक तर नाक्यावर ओळखीने सोडतात, किंवा माणूस शेतातल्या पायवाटेने येतो. दोन्ही प्रकारांत नोंद होत नाही. म्हणजे नाका ज्या एका कामात खरा उपयोगी, पत्ता आणि नंबर हाताशी ठेवणे, तेच काम तो गमावून बसतो. हद्द इथे नदी-डोंगरासारखी सरळ नाही. ती बांधाबांधाने जाते. पाच-सहा पक्क्या रस्त्यांवर बॅरिकेड लावले म्हणून हद्द बंद होत नाही, फक्त महामार्ग बंद होतो.

शिवाय चाचणीचा स्वतःचा स्वभाव आहे. लागण झाल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत आरटीपीसीआर बहुतेकदा हुकते, कारण नाका-घशात विषाणू पुरेसा वाढलेला नसतो. उलट बरा झालेल्या माणसात विषाणूचे अवशेष काही आठवडे सापडत राहतात आणि तो कोणाला लागण करत नसतानाही पॉझिटिव्ह येतो. म्हणजे धोकादायक माणूस निगेटिव्ह कागद घेऊन आत येतो आणि निरुपद्रवी माणूस बाहेर अडकतो. साथ नवीन असताना ही चूक चालवून घ्यावी, कारण दुसरे साधन नसते. वर्षभर चालवून घ्यायची ती चूक नव्हे. 2 डिसेंबर 2021 ला देशातले पहिले दोन ओमायक्रॉन रुग्ण जाहीर झाले ते बेंगळुरूत. महाराष्ट्राच्या हद्दीवर तेव्हा रिपोर्ट तपासणे चालूच होते.

इंजिन उघडल्यावर

जुने इंजिन 1897 चे. मुंबईत प्लेग आला, 28 जानेवारीला विधेयक मांडले, 4 फेब्रुवारीला कायदा झाला. चार कलमे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. त्याच्या दुसऱ्या कलमात 'तात्पुरते नियम' असा शब्द आहे, पण तात्पुरते म्हणजे किती हे कुठेच नाही. त्या अधिकारांखाली पुण्यात घरात घुसून तपासण्या झाल्या, त्यातून रँडचा खून झाला, ती कथा शाळेपासून सर्वांना ठाऊक आहे. कमी बोलले जाते ते हे की प्लेग गेला, ब्रिटिश गेले, आणि 'तात्पुरते' हा शब्द 123 वर्षांनीही व्याख्येविना तसाच होता. 1 तारा, तोही आटोपशीरपणाला.

कर्नाटकाचा 2020 चा कायदा (एप्रिलमध्ये अध्यादेश, नंतर कायदा) जास्त व्यवस्थित आहे. काय काय करता येईल ते मोकळेपणाने लिहिले आहे: प्रवाशांची तपासणी, वाहतुकीवर बंधने, गर्दीवर बंधने, हद्द बंद करणे. अधिकाराची यादी असणे चांगलेच. यादीबाहेरचे काही केले तर बोट दाखवता येते. पण प्रत्येक अधिकारापुढे जी मुदतीची रेघ हवी होती ती नाही. हद्दीच्या अधिकारापुढे तर मुदत 'वाटण्यावर' सोडली आहे. 2 तारे.

केंद्राचे इंजिन म्हणजे 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. पूर-भूकंपासाठी बांधलेले यंत्र साथीला जोडले. त्यातही मुदत नाही, पण इथे केंद्रीय गृहखात्याने एक बरी सवय ठेवली: आदेशावर शेवटची तारीख. 24 मार्च 2020 चा आदेश 21 दिवसांचा, मग 3 मे, 17 मे, 31 मे, पुढे बहुतेक महिन्याच्या अखेरीपर्यंत. शेवटचा 31 मार्च 2022 ला संपला आणि नवा काढला नाही. एकूण दोन वर्षे आणि एक आठवडा. तारीख होती, हे खरे. पण दर महिन्याला तारीख पुढे सरकवताना संसदेला विचारावे लागत नव्हते, आणि कारण म्हणून आकडे छापावे लागत नव्हते. अडीच तारे.

आणि गंमत पाहा, मुदतीच्या बाबतीत सगळ्यात शिस्तीचा निघाला तो ज्याला सगळे शिव्या घालतात तो जमावबंदीचा हुकूम. जुने कलम 144, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163. दंडाधिकाऱ्याचा हुकूम 2 महिन्यांहून जास्त टिकत नाही. राज्य सरकारने वाढवला तरी आणखी 6 महिने. 8 महिन्यांवर संपला. ब्रिटिश काळातल्या तरतुदीला जे जमले ते 2020 च्या कायद्याला जमू नये, हे काही पटत नाही. साडेतीन तारे.

साडेचार तारे कोणालाच नाहीत, पण 4 तारे एका कागदाला देतो: केंद्रीय गृहखात्याचे 25 एप्रिल 2021 चे निर्देश. आठवड्याचा पॉझिटिव्हिटी दर (तपासलेल्यांपैकी बाधित किती) 10 टक्के किंवा जास्त, किंवा ऑक्सिजन-आयसीयूच्या खाटा 60 टक्क्यांहून जास्त भरलेल्या, तर त्या भागात कडक बंधने, आणि मुदत 14 दिवस. आकडा, जागा, मुदत, तिन्ही एका ठिकाणी. अशा कागदावर चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा प्रश्न विचारू शकतो: 'साहेब, आपला दर किती आहे?'

मग किती दिवस?

आधी एक गोंधळ दूर करू. साथीतले सगळे अधिकार एका मापाचे नसतात, म्हणून मुदतही एक असू शकत नाही. रुग्णाची खबर देण्याचे डॉक्टर-लॅबवरचे बंधन कायमचेच असावे. त्याला साथीची वाट पाहायला नको. चाचणीच्या दराला कमाल मर्यादा घालणे, तात्पुरते डॉक्टर-नर्स भरणे, ऑक्सिजनची खरेदी, यांना सहा महिने-वर्ष द्यायला हरकत नाही. 14 दिवसांच्या करारावर कोण भूलतज्ज्ञ येणार? ताब्यात घेतलेली वसतिगृहे आणि मंगल कार्यालये शेवटचा रुग्ण गेल्यावर साफसफाई करून 15 दिवसांत परत. घड्याळ कडक हवे ते फक्त एका जातीच्या अधिकारांना: जे माणसाची ये-जा, व्यवसाय, जमणे अडवतात.

त्यांच्यासाठी माप रोगाकडूनच घ्यावे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत रोग अंगात दबून राहतो, त्याला अधिशयन काळ म्हणतात; इथे त्यातला जास्तीत जास्त धरायचा. कोविडला तो 14 दिवसांचा धरला गेला, आणि कंटेनमेंट झोन उठवतानाचा आरोग्य मंत्रालयाचा सुरुवातीचा नियमही 28 दिवस नवीन रुग्ण नाही असाच होता, म्हणजे दुप्पट. निपाहला 21 दिवस, दुप्पट 42. पटकी काही तासांपासून 5 दिवसांत दिसते, दुप्पट 10. पहिल्या हुकुमाला एक अधिशयन काळ द्या, एका मुदतवाढीने दोन. तेवढ्यात कळायला हवे ते कळते: बंधनाने रुग्ण घटले की नाही. घटले नसतील तर तेच बंधन तिसऱ्यांदा लावण्यात अर्थ नाही, दुसरे काहीतरी चुकते आहे. पश्चिम घाटातला माकडताप तर गोचिडीतून येतो. त्यासाठी कणकुंबीला गाड्या अडवणे म्हणजे ढेकणासाठी घराला कुलूप.

यावर पायऱ्या चढवायच्या. कोविडसारख्या रोगात डीसींचा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा, हुकूम 14 दिवस, एकदा वाढवून 28. त्यापुढे मंत्रालय पातळीवरचा, पहिल्या दिवसापासून 60 दिवसांपर्यंत. 90 दिवसांच्या आत विधिमंडळाने होकार दिला नाही तर आपोआप रद्द. अधिवेशन नसेल तर दोन्ही सभागृहांच्या स्थायी समितीने. हे काही हवेतले नाही. न्यूझीलंडच्या 2020 च्या कोविड कायद्याला दर 90 दिवसांनी सभागृहाचा ठराव लागत असे, नाहीतर कायदाच गळून पडे. ब्रिटनच्या कायद्यात दोन वर्षांची अंतिम मुदत आणि दर सहा महिन्यांनी कॉमन्समध्ये मतदान होते. फ्रान्समध्ये आरोग्य आणीबाणी सरकार एक महिन्यासाठी लावू शके, पुढे कायदा करूनच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तात्पुरत्या शिफारशीसुद्धा तीन महिन्यांनी आपोआप संपतात. आपल्याकडे तर सोय आणखी जवळची: 13 ते 24 डिसेंबर 2021 ला कर्नाटक विधिमंडळ बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरले होते, म्हणजे कोगनोळी ज्या महामार्गावर आहे त्याच महामार्गाच्या कडेला. आरटीपीसीआरचा नियम मताला टाकायला फाइल लांब न्यावी लागली नसती.

'पहिल्या दिवसापासून' हे शब्द मुद्दाम. छोट्या मुदतीचा एक कावा असतो आणि वकील मंडळींना तो चांगला माहीत आहे. 14 दिवसांचा हुकूम निघतो. कोणी धारवाड खंडपीठात रिट दाखल करतो. सुनावणीचा नंबर लागेपर्यंत हुकूम संपलेला आणि नवा, नव्या क्रमांकाचा, लागू झालेला. याचिका निष्फळ. अशा रीतीने लहान-लहान तुकड्यांत वर्ष काढता येते आणि एकही तुकडा न्यायालयात तपासला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात 10 जानेवारी 2020 ला सांगितले की कलम 144 चे हुकूम पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, आणि हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत. तेव्हा घड्याळ बंधनाचे असावे, कागदाचे नव्हे. क्रमांक बदलला, नाव 'मार्गसूची'वरून 'परिपत्रक' झाले, रिपोर्टच्या जागी लसीचे प्रमाणपत्र आले, तरी मोजणी पहिल्या दिवसापासूनच.

दुसरी अडचण व्यवहारातली. रविवारी रात्री 12 ला हुकूम संपणार आणि मुदतवाढ रात्री 11 ला येणार, असे झाले की एपीएमसीतल्या व्यापाऱ्याने ट्रक भरायचा की नाही? वडापवाल्याने फेरी लावायची की नाही? जून 2021 ला राज्याचा लॉकडाउन 7 ला संपणार होता, तो 14 वर गेला, आणि बेळगावसह 11 जिल्ह्यांत 21 वर. तारखा होत्या, ही जमेची बाजू. पण मुदतवाढ संपण्याच्या किमान 72 तास आधी यायला हवी. न आल्यास ती झाली नाही असे समजावे. प्रवाशाकडून 72 तास मागता, तर तेवढे द्याही.

तिसरी गोष्ट: लावायचा आकडा आणि काढायचा आकडा वेगळा ठेवा. 10 टक्क्यांना बंधन लागले आणि साडेनऊला निघाले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा लागेल, बाजार रोज उघडझाप करील. लावताना 10, काढताना सलग दोन आठवडे 5 च्या खाली. हद्दीच्या नाक्याला याशिवाय एक वेगळी अट हवी: दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी छापा. कोल्हापूर-सांगली इतके, बेळगाव इतके. दोन्ही सारखेच झाले की नाका उठला. तुमच्याकडे आणि आमच्याकडे आग सारखीच लागलेली असताना मधल्या बांधावर काडेपेटी शोधण्यात अर्थ नसतो. आणि हा आकडा काढायला कोल्हापूर, सांगली, बेळगावचे अधिकारी आठवड्यातून एकदा फोनवर बोलले तरी पुरे; सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याने स्वॅबचे आकडे सांगायला कोणाला अडवलेले नाही.

भाषा, आणि संपल्यानंतरचे

1956 पासूनचे केंद्राचे धोरण असे की जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. साथीचा हुकूम यापेक्षा महत्त्वाचा कुठला? कन्नड आदेशातली तारीख आणि अटी गावात व्हॉट्सॲपवर तोंडी भाषांतर होऊन पोहोचल्या की 'स्वॅबपासून 72 तास' याचे 'तीन दिवसांचा रिपोर्ट चालतो' व्हायला वेळ लागत नाही. निपाणी, खानापूर, बेळगाव ग्रामीणमध्ये नाक्यावरच्या फलकावर चार मराठी ओळी लिहिणे हा भाषेच्या राजकारणाचा नव्हे, आरोग्य खात्याच्या सोयीचा विषय आहे. कमी भांडण, लहान रांग.

हुकूम संपला तरी मागे काय उरते, याकडे तर कुणाचे लक्षच नसते. तीन गोष्टी उरतात. पहिली, माहिती: सेवा सिंधूवरचे पत्ते, ॲपवरच्या सेल्फी. मार्च 2020 ला राज्याने विलगीकरणातल्यांच्या पत्त्यांच्या याद्याच प्रसिद्ध केल्या होत्या. अशी यादी इंटरनेटवरून परत येत नाही. ती कधी पुसणार याची तारीख हुकुमातच हवी. दुसरी, गुन्हे. सरकारी हुकूम मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद होती, म्हणून एका वर्षात खटला न्यायालयात दाखल झाला पाहिजे, आणि तोही संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवर. नुसत्या पोलिसांच्या आरोपपत्रावर हा खटला टिकत नाही, हे ज्याच्यावर जुनी केस पडून आहे त्याने वकिलाला जरूर विचारावे. नव्या न्याय संहितेचे कलम 223 शिक्षा वाढवून एक वर्षापर्यंत नेते, तरी मुदत वर्षाचीच. तिसरी, दंडाचे दर: मास्कचा दंड 2020 ला शहरात 1000 आणि खेड्यात 500 केला, आठवड्याभरात 250 आणि 100 वर आणला. तेव्हा पावतीवरची तारीख आणि त्या दिवशीचा दर जुळतो का, एवढे पाहून घ्यावे.

पुढची साथ येईल तेव्हा नाक्यावर लावलेला कागद असा वाचा: वर कायद्याचे कलम कुठले, सही कुणाची, लागू केव्हापासून, कधीपर्यंत, आणि हा पहिला हुकूम की वाढवलेला. 'पुढील आदेशापर्यंत' असे दिसले तर फोटो काढून ठेवा, तारखेसकट. कारण काय म्हणून विचारायचे असेल तर माहिती अधिकारात मुदतवाढीच्या फाइलवरचे टिपण मागा, शुल्क 10 रुपये. साधे उत्तर 30 दिवसांत येते, तोवर 14 दिवसांचे दोन हुकूम होऊन जातात. म्हणून अर्जात कलम 7(1) खाली व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय असल्याचे लिहा; ते मान्य झाले तर मुदत 48 तासांची. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो. भाषा कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी.